गेलेले हमिंग परत का येते? घरच्या स्टुडिओतील ५० हर्ट्‌झचा माग

घरी संगणकावर रेकॉर्डिंग करणाऱ्या माझ्या ओळखीच्या बहुतेकांची तक्रार एकाच साच्याची असते. हेडफोनमध्ये खालच्या सुरातले हमिंग येऊ लागते, कुणीतरी सांगितल्याप्रमाणे केबल बदलली जाते किंवा चार्जर काढून ठेवला जातो, हमिंग जाते, काम सुरू होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच हमिंग पुन्हा हजर होते. मग तीच केबल पुन्हा बदलून पाहतात आणि या वेळी काडीचाही फरक पडत नाही. सदाशिव पेठेतील एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे आणि तिथे या त्रासाने मला जवळजवळ वर्षभर छळले. त्या वर्षात एक गोष्ट मनात पक्की झाली. ताप जसा अनेक आजारांत येतो, तसे हमिंग हे अनेक बिघाडांचे लक्षण आहे. ते परत येते तेव्हा बहुधा वेगळ्याच वाटेने आलेले असते, आणि कानाला मात्र ते पहिल्यासारखेच वाटते. म्हणून मागच्या वेळी लागू पडलेला उपाय या वेळी आधी करून पाहणे, ही सवयच मुळात सोडावी लागते.

माझ्याकडे हे प्रथम ध्यानात आले ते तंबोऱ्यामुळे. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणारे एक तरुण गायक रेकॉर्डिंगसाठी आले होते. त्यांचा मिरजेचा तंबोरा आम्ही शांतपणे जुळवला, जवारी नीट लागली, खोलीत बसून ऐकताना चारही तारा एकजीव वाटत होत्या. त्यांनी हेडफोन लावले, चार आवर्तने ऐकली आणि विचारले, "दादा, पंचम हलतोय का हो?" मी ऐकले तर पंचमाची तार खरोखरच थरथरत होती. आम्ही ती पुन्हा लावली, मणी सरकवला, तिसऱ्यांदा लावली. हेडफोन काढला की पंचम स्थिर, लावला की डळमळीत. तंबोऱ्यात दोष नाही हे तेव्हा कळले. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्यात मंद्र पंचमाची तार साधारण १०३.८ हर्ट्‌झवर असते आणि हमिंगचा एक ठळक घटक १०० हर्ट्‌झवर असतो. दोन जवळचे सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतकी आंदोलने सेकंदाला ऐकू येतात, म्हणजे इथे सेकंदाला जवळजवळ चार. आम्ही तासभर ज्या तारेशी झटत होतो ती तार बरोबर होती. तिच्याशेजारी विजेचा एक बेसूर स्वर उभा होता.

आपल्या संगीतात हा त्रास अधिक गंभीर का, हे यावरून समजते. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा आहे. पांढरी पाचचा खालचा षड्ज ४९ हर्ट्‌झला येतो, म्हणजे हमिंगचा मूळ सूर पांढरी पाचपेक्षा सुमारे ३५ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा, धड पांढरीही नाही आणि काळीही नाही असा असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या हिशेबाने तो तीव्र मध्यमाच्या वर कुठेतरी पडतो, तर काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीच्या हिशेबाने निषाद आणि षड्ज यांच्या मध्ये घुटमळतो. ड्रम, बास आणि गिटारच्या दणक्यात हे झाकून जाते. विलंबित ख्यालाच्या आलापात ते कुठेच झाकत नाही. उलट तंबोऱ्याची आस सतत चालू असल्यामुळे गायकाला आपलाच सूर लागत नाही असे वाटू लागते, आणि हे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते, कारण बिघडलेला ट्रॅक पुन्हा घेता येतो. गायकाचा त्या दिवसाचा आत्मविश्वास पुन्हा घेता येत नाही.

आता शोधाकडे वळू. पहिला प्रश्न असा, की हमिंग रेकॉर्ड होत आहे की फक्त स्पीकरमधून ऐकू येत आहे? हा प्रश्न न विचारताच लोक माईक आणि केबल बदलत सुटतात. ज्या गेनवर, म्हणजे माईकचा आवाज जितका वाढवून, प्रत्यक्ष काम करता त्याच गेनवर तीस सेकंद शांतता रेकॉर्ड करावी, मग सगळे स्पीकर बंद करून ती फाईल हेडफोनवर ऐकावी आणि सॉफ्टवेअरमधील स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे, हे दाखवणाऱ्या प्लगइनवर पाहावी. बहुतेक ईक्यूंमध्ये (इक्वलायझरमध्ये) आता स्पेक्ट्रम दिसतोच. फाईल स्वच्छ असेल आणि स्पीकरच गुणगुणत असतील, तर दोष इंटरफेसच्या (माईक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या) पुढे, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. फाईलमध्येच हमिंग असेल, तर दोष इंटरफेसमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. निम्मा शोध इथेच संपतो.

दुसरा प्रश्न, हा आवाज विजेचा आहे की हवेतला? फ्रिजचा कॉम्प्रेसर, संथ गतीवर ठेवलेल्या पंख्याची मोटार, सोसायटीच्या गच्चीवरील टाकीत पाणी चढवणारा पंप, हे सगळे १०० हर्ट्‌झच्या आसपास खराखुरा आवाज करतात आणि तो भिंतींतून माईकपर्यंत पोहोचतो. माईक काढून केबल तशीच जोडलेली ठेवावी आणि पुन्हा शांतता रेकॉर्ड करावी. हमिंग पूर्ण गेले तर ते माईकनेच उचललेले होते. अशा वेळी ते कोणत्या वेळेला येते याची नोंद ठेवणे फार उपयोगी पडते. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा या वेळांनाच ते येत असेल, तर इंटरफेस उघडून पाहण्यापेक्षा पंप कधी चालू होतो हे वॉचमनला विचारावे.

डायनॅमिक माईकबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्याच्या आत तारेचे वेटोळे असते आणि ते चुंबकीय क्षेत्रही पकडते. जड ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या प्रकारच्या अॅडॅप्टरजवळ असा माईक ठेवला तर हवेत काहीही आवाज नसताना हमिंग येते. ओळखण्याची खूण सोपी आहे. माईक जागेवरच हळूहळू फिरवावा. विशिष्ट कोनात हमिंग कमी-जास्त होत असेल, तर ते चुंबकीय आहे. अशा अॅडॅप्टरपासून दोन-तीन हात अंतर ठेवले की काम होते, कारण हे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि त्याचा अॅडॅप्टर गायकाच्या मांडीशेजारी, माईकच्या थेट खाली ठेवण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. तो अॅडॅप्टर उचलून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेला, तर एवढ्यानेच अनेकांचा प्रश्न सुटलेला मी पाहिला आहे.

वीजच जबाबदार आहे असे ठरल्यावर कानावर भर द्यावा. ५० हर्ट्‌झ आणि त्याचे विषम पट, म्हणजे १५० आणि २५०, असा गोल, घुमणारा आवाज असेल, तर बहुधा ग्राउंड लूप (त्याविषयी पुढे सांगतो) किंवा चुंबकीय क्षेत्र कारणीभूत असते. १०० हर्ट्‌झ आणि त्याच्या पटींची, वर दोन-तीन हजार हर्ट्‌झपर्यंत पसरलेली, मधमाशीसारखी भुणभुण असेल, तर चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर यांच्याकडे संशय जातो. माउस हलवल्यावर किंवा फाईल उघडल्यावर बदलणारी बारीक, किरकिरी शिट्टी येत असेल, तर ती संगणकातून यूएसबीच्या वाटेने आलेली असते. हे तिन्ही एकत्रही येतात, आणि घोळ तिथेच होतो.

माझ्याकडे नेमके तेच झाले होते. पंचमाच्या त्या प्रसंगानंतर मी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि हमिंग गेले. दोष चार्जरचा ठरवून मी पुढचे दोन महिने बॅटरीवर रेकॉर्डिंग केले. तेव्हा मी एक साधी खूण दुर्लक्षित केली होती. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली तर मुंग्या आल्यासारखी झिणझिण जाणवत असे, आणि मी माईकच्या जाळीला हात लावला की हमिंग कमी होत असे. माणसाने हात लावल्यावर हमिंग घटते याचा बहुधा अर्थ असा असतो, की यंत्राला जमिनीची वाट सापडलेली नाही आणि ती वाट आपले शरीर पुरवत आहे. चार्जरच्या आत गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात. त्यांच्यातून निसटणारा सूक्ष्म प्रवाह अर्थच्या तारेने निघून जावा अशी रचना असते. अर्थिंग नसले की तोच प्रवाह लॅपटॉपच्या अंगावरून, यूएसबीच्या केबलमधून इंटरफेसपर्यंत जातो आणि तिथून बाहेर पडण्याची वाट शोधत राहतो. माझ्या भिंतीवर तीन छिद्रांचे सॉकेट होते, चार्जरला तीन पिना होत्या, त्यामुळे अर्थिंग आहे असे मी गृहीत धरले होते.

वायरमनला बोलावले. त्यांनी मल्टीमीटरने सॉकेट तपासले. फेज आणि न्यूट्रल यांच्यात सुमारे २३० व्होल्ट येणे अपेक्षित असते, फेज आणि अर्थ यांच्यातही जवळजवळ तितकेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट. आमच्याकडे फेज आणि अर्थ यांच्यातील आकडा शंभराच्या आसपास भिरभिरत होता, एका जागी ठरतच नव्हता. अर्थची तार कुठेतरी लोंबकळत आहे, हे यावरून स्पष्ट झाले. त्यांनी तारेचा माग काढला तेव्हा ती मोरीपाशी जाऊन पाण्याच्या नळाला बांधलेली सापडली. इमारतीत पूर्वी लोखंडी नळ होते आणि ते जमिनीत खोल गेलेले असल्यामुळे कुणीतरी त्यांनाच अर्थ मानले होते. वर्षभरापूर्वी प्लंबिंग नव्याने झाले, खालचे नळ प्लास्टिकचे बसले आणि अर्थिंग त्या दिवशी संपले. माझा त्रासही साधारण त्याच सुमारास सुरू झाला होता. मला मात्र त्या दोन गोष्टींचा संबंध कधी सुचला नव्हता. आणि हमिंग हा यातला किरकोळ भाग होता. एखाद्या यंत्रात फेज अंगाला लागली असती, तर त्या खोलीत घामेजल्या हाताने माईक धरणाऱ्याच्या जिवावर बेतले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होते.

म्हणून इथे थोडे ठासून सांगतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत वायरिंग दोनच तारांचे असू शकते आणि सॉकेटचे वरचे मोठे छिद्र नुसते शोभेचे असू शकते. रेकॉर्डिंगची खोली उभी करण्याआधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, नसेल तर मीटरपाशी असलेल्या अर्थपासून स्वतंत्र तार ओढून घ्यावी आणि मेन बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवावा. हमिंग घालवण्यासाठी चार्जरची किंवा स्पीकरची अर्थ पिन तोडणे, तिच्यावर चिकटपट्टी लावणे, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घालणे हा सल्ला अनेक जण देतात. त्याने हमिंग कधीकधी खरोखर जाते, आणि म्हणूनच तो सल्ला इतका घातक आहे. तो कुणी कितीही अनुभवी माणसाने दिला तरी ऐकू नये.

अर्थिंगची नवी तार आली, झिणझिण थांबली, भुणभुण गेली, आणि दुसऱ्याच दिवशी स्पीकरमधून नवे हमिंग सुरू झाले. ते आधीपेक्षा गोल आणि जाड होते. मला पहिल्या क्षणी वाटले की काम नीट झालेले नाही. प्रत्यक्षात काम नीट झाल्यामुळेच ते आले होते. आता लॅपटॉपला चार्जरच्या वाटेने खरे अर्थिंग मिळाले होते, दोन्ही स्पीकरांनाही त्यांच्या प्लगमधून मिळाले होते, आणि मधल्या ऑडिओ केबलच्या जाळीने ही दोन टोके तिसऱ्या वाटेने जोडली गेली होती. अर्थपासून निघून अर्थपाशीच येणारे असे एक मोठे वेटोळे तयार झाले, की भोवतालच्या विजेच्या तारांमुळे त्यात प्रवाह वाहू लागतो आणि तो गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. आधी अर्थिंगच नसल्यामुळे हे वेटोळे पूर्ण होत नव्हते. एक दोष दुसऱ्याला झाकून बसला होता.

लूप ओळखण्याची खूण म्हणजे हात लावल्याने त्यात काही फरक पडत नाही, पण दोन यंत्रांना जोडणारी एक ऑडिओ केबल उपटली की ते तत्काळ थांबते. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला, लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर, कीबोर्ड यांचे सगळे प्लग भिंतीवरच्या एकाच सॉकेटमधून निघालेल्या चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणावेत, म्हणजे वेटोळ्याचे क्षेत्रफळ कमी होते. घरच्या स्टुडिओतील सगळा भार मिळून फारच थोडा असतो, त्यामुळे एका सॉकेटवर ताण येईल ही भीती बाळगू नये. मात्र त्या बोर्डवर हीटर किंवा इस्त्री लावू नये. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा उपाय म्हणजे बॅलन्स्ड जोडणी. माझ्याकडे इंटरफेसचे आउटपुट बॅलन्स्ड होते, स्पीकरचे इनपुटही बॅलन्स्ड होते, आणि मध्ये मी घरात पडलेल्या मोनो पी-३८ पिनांच्या (गिटारला लावतात तशा जाड पिनांच्या, एकच तार आणि जाळी असलेल्या) केबली लावल्या होत्या. बॅलन्स्ड केबलमध्ये एकच सिग्नल दोन तारांवरून, एकीवर सुलट आणि दुसरीवर उलटा करून, जातो, बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो, आणि पुढचे यंत्र त्या दोघांतील फरक तेवढा घेते, त्यामुळे सारखा बसलेला गोंगाट वजा होऊन जातो. मोनो पिन लावली की ही सारी योजना वाया जाते. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातून मी स्टीरिओ पी-३८ पिना आणि दोन तारा व जाळी असलेली केबल आणली, घरी सोल्डर केली, आणि त्या संध्याकाळी स्पीकर गप्प झाले.

सोल्डरिंगबद्दल एक अनुभव इथे नोंदवतो. विकत आणलेल्या तयार माईक केबलमध्येही जाळीचा टाका सुटलेला असू शकतो. एक्सएलआरमध्ये, म्हणजे माईक केबलच्या तीन पिनांच्या जोडात, पहिल्या पिनेवर जाळी, दुसरीवर हॉट आणि तिसरीवर कोल्ड असते. मल्टीमीटरच्या बीपने तिन्ही पिना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासाव्यात आणि तपासताना केबल टोकापाशी हलवत राहावी, कारण अर्धवट तुटलेली तार स्थिर असताना जोडलेली दाखवते. आवाज बारीक झाला आणि त्याच वेळी हमिंग वाढले, तर दोन तारांपैकी एक सुटली आहे असे समजावे. सगळ्या केबली निर्दोष असूनही एखाद्या ठरावीक मिक्सरवरच हमिंग येत असेल, तर दोष त्या मिक्सरच्या पोटात असू शकतो. काही यंत्रांत पहिल्या पिनेची जाळी धातूच्या पेटीला न जोडता सर्किटच्या पट्टीवर आणून सोडलेली असते, त्यामुळे बाहेरचा गोंगाट थेट सर्किटमध्ये शिरतो. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या दोषाची मांडणी केली आणि तेव्हापासून तो पिन-एकचा दोष म्हणून ओळखला जातो. असे यंत्र साखळीतून काढून टाकणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तंबोरा, जुना मिक्सर अशा ज्या वस्तूंना बॅलन्स्ड आउटपुटच नसते, त्यांच्यासाठी आत ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स, म्हणजे साधा सिग्नल बॅलन्स्ड करणारी डबी, घ्यावा आणि त्याच्यावरील ग्राउंड लिफ्टचे बटण वापरून पाहावे. हे बटण ऑडिओच्या जाळीची जोडणी तोडते, विजेच्या अर्थला हात लावत नाही, म्हणून ते सुरक्षित आहे. यूएसबीच्या वाटेने येणाऱ्या शिट्टीसाठी विजेची जोडणी तोडून फक्त डेटा पुढे नेणारे यूएसबी आयसोलेटर मिळतात, पण घेताना त्याचा वेग पाहावा. स्वस्त आयसोलेटर बहुधा १२ मेगाबिटचेच असतात आणि आजचे बहुतेक इंटरफेस त्यांच्यावर चालत नाहीत.

पंख्याच्या रेग्युलेटरने मला उन्हाळ्यात पुन्हा एकदा चकवले. जुन्या घरांतला मोठ्या चौकोनी डब्याचा रेग्युलेटर रोधकावर चालतो आणि विजेच्या दृष्टीने शांत असतो. त्याच्या जागी बसवलेला, गोल बटण सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून गती कमी करतो, आणि त्या कापण्यातून तीच भुणभुण तयार होते. पंखा पूर्ण गतीवर नेला किंवा बंद केला की भुणभुण जाते आणि मधल्या गतीवर सर्वांत जास्त असते, ही त्याची खूण. पायऱ्या-पायऱ्यांनी फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत कुठेही मिळतो आणि तो बसवला की प्रश्न मिटतो. माझी गडबड अशी झाली, की हिवाळ्यात पंखा बंदच असल्यामुळे अर्थिंगचे काम झाल्यावर हा दोष दिसलाच नाही, आणि एप्रिलमध्ये भुणभुण आली तेव्हा मी पुन्हा वायरमनलाच बोलावले. त्यांनी खोलीत आल्या आल्या घाम पुसत पंखा पूर्ण गतीवर केला आणि भुणभुण थांबली.

इन्व्हर्टरचेही तसेच. पुण्यात गुरुवारी देखभालीच्या कामासाठी वीज जाण्याची आपल्याला सवय आहे, आणि इन्व्हर्टरवर लॅपटॉप आरामात चालतो म्हणून आपण रेकॉर्डिंगही चालू ठेवतो. चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर असेल, तर त्या दिवशीच्या प्रत्येक ट्रॅकमध्ये खरखरीत भुणभुण येईल. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास पुष्कळ कमी असतो. नाहीतर त्या वेळेपुरता चार्जर काढून केवळ बॅटरीवर, पंखा आणि दिवे बंद ठेवून रेकॉर्डिंग करावे. फक्त गुरुवारच्याच फाईली बिघडत असतील, तर उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

केबलींच्या मांडणीबद्दल थोडक्यात. माईकची केबल आणि विजेची केबल एकत्र गुंडाळू नये, शेजारी-शेजारी लांबवर नेऊ नये. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

आता मिक्सिंगचा भाग. दोष सापडेपर्यंत जे रेकॉर्ड झाले त्याचे काय करायचे? पुन्हा गाणे शक्य असेल तर पुन्हाच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते शक्य नसेल, तर आधी हे समजून घ्यावे की मिक्समध्ये हमिंग वाढते कसे. मोठे आवाज दाबणारा कॉम्प्रेसर लावून, दबलेला आवाज भरून काढायला दहा डेसिबलचा मेकअप गेन दिला, की गाण्यातल्या विरामांत हमिंगही तितकेच वर येते. शिवाय गायन, तबल्याचे दोन माईक, हार्मोनियम आणि तंबोरा असे एकाच वेळी घेतलेले ट्रॅक एकत्र केले, तर साधा हिस, म्हणजे यंत्रांची बारीक सळसळ, दोन ट्रॅकना तीन डेसिबलने वाढतो, पण हमिंग सगळीकडे एकाच विजेतून आलेले असल्यामुळे ते सहा डेसिबलपर्यंत वाढू शकते. एकेक ट्रॅक सोलो करून ऐकताना किरकोळ वाटलेले हमिंग मिक्समध्ये अंगावर येते ते यामुळे.

नॉइज गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ट्रॅक बंद करणारे साधन, लावण्याचा मोह टाळावा. गेट बंद असताना पूर्ण शांतता आणि सूर लागताच सुराबरोबर उगवणारे हमिंग, हे सलग हमिंगपेक्षा कानाला जास्त बोचते. लो-कटचा, म्हणजे ठरावीक वारंवारतेखालचे सगळे कापणाऱ्या फिल्टरचा, विचार गायकाची पट्टी पाहून करावा. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा मंद्र पंचम साधारण १५५ हर्ट्‌झला येतो, त्यामुळे १०० हर्ट्‌झचा लो-कट त्यांच्या आवाजाला सहसा धक्का लावत नाही. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज मात्र ६९.३ हर्ट्‌झवर असतो आणि तबल्याच्या बायाँची घुमारही त्याच प्रदेशात राहते. तिथे सरसकट लो-कट लावला तर हमिंगबरोबर वाद्याचा पायाच निघून जातो. अशा ट्रॅकवर अरुंद नॉच, म्हणजे एकाच वारंवारतेपुरता खड्डा पाडणारे फिल्टर, वापरावेत, एका वेळी एक, आणि ऐकू येणे थांबेल इतक्याच खोलीचे. स्पेक्ट्रमवर कुठे टोक दिसते ते पाहूनच नॉच ठेवावा, कारण विजेची वारंवारता नेमकी ५० नसते. आपल्या देशातील ग्रिडसाठी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ हा पट्टा ठरवलेला आहे. पन्नासपाशी हा फरक नगण्य वाटतो, पण दहाव्या पटीला तो ४९९ ते ५००.५ इतका होतो, आणि फार अरुंद नॉच अंदाजाने ५०० वर ठेवला तर टोक शेजारून निसटते. हमिंग काढणारी खास प्लगइन्स वापरणार असाल, तर त्यांना शिकवण्यासाठी त्याच ट्रॅकमधील, त्याच दिवसाची निव्वळ शांतता लागते. तंबोरा सुरू होण्याआधीचे दहा सेकंद रेकॉर्डिंगमध्ये राहू द्यावेत, ते याचसाठी.

त्या तरुण गायकांचे रेकॉर्डिंग आम्ही नंतर पुन्हा केले आणि या वेळी पंचम हलला नाही. त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली आहे. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला कामाच्या गेनवर तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड करायची, तिच्या नावात तारीख लिहायची, आणि शेजारच्या वहीत चार्जर लावलेला होता की नाही, पंखा कोणत्या गतीवर होता, वीज होती की इन्व्हर्टर, इमारतीत काही काम चालू होते का, एवढे टिपायचे. हमिंग पुन्हा आले की मी केबलीला हात लावत नाही. शेवटची स्वच्छ फाईल आणि पहिली बिघडलेली फाईल स्पेक्ट्रमवर शेजारी-शेजारी लावतो, आणि त्या दोन तारखांच्या मधल्या नोंदी वाचतो.